इमानाच्या शेपटीचं चाक

अहो, तुमचं इमान काल खाली काढलं.

बघा, 'विमान' नाही लिहिलं. चव्वेचाळीस वर्षं तुमच्या मागे लागले होते, "वि म्हणा, वि. दात ओठाला लावा. वि-मान." आणि तुम्ही दात ओठाला लावून, डोळे मिचकावून म्हणायचात, "इमान." आता दुरुस्त करायला कुणी समोर नाही, तर माझ्याच हातून तुमचा शब्द उतरला. जिंकलात. पण असं जिंकून उठून जाणं काही बरं नव्हे.

काढलं ते वन्संनी सांगितलं म्हणून, असं घरात सगळ्यांना वाटतंय. त्या म्हणाल्या, "वयनी, दादाच्या फोटोच्या तोंडापुडं येतंय ते खेळणं. काडून ठिवा." मी म्हटलं, "येऊ द्या की. त्यांना दुसरं काय बघायला आवडायचं?" त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मी हसले. चौदावा झालेली बाई हसते म्हणून आता तुमच्या बहिणीच्या मनात माझ्याबद्दल काय काय चाललं असेल ते असो. खरं कारण निराळं होतं. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती गोष्ट त्या इमानाच्या शेपटीपाशी आहे. नऊ वर्षं तिथे लटकली आहे.

पण सरळ मुद्द्यावर येईन तर ती मी कसली. तुम्हीच म्हणायचात, "मास्तरीनबाई, माजलगावला निघालीस तरी तू परळीवरनं जाशील."

मास्तरीण मी कधीच नव्हते, हे इथे लिहून ठेवते. नुसती मॅट्रिक झालेली. पण एकोणीस वर्षांची ती पोरगी कारखान्याच्या वसाहतीत आली तेव्हा नाकाने कांदे सोलत होती. माहेरी सगळ्यांना सांगून आलेली की आमचे हे पॅनमन आहेत, इंग्रजी हुद्दा आहे. आईने विचारलं, "म्हंजे सायेब का?" मी म्हटलं, "साहेबाच्या वरचे असतील." मग पहिल्याच पाळीवरून तुम्ही घरी आलात ते बंडीपासून टाचेपर्यंत काकवीने चिकटलेले. दारातच उभे. "हात लावू नको, चिकटशील," म्हणालात. साहेबाच्या वरचा माणूस मुंगळे घेऊन घरात आला होता. मी परसात जाऊन रडले. काय ते रडणं! आत्ता ती पोरगी समोर आली तर तिला एक चापट देईन आणि सांगेन, बाई गं, त्या हातांकडे बघ आधी.

कारण ते हात मला फार उशिरा दिसले. उसाचा रस आटत आटत शेवटी ज्या मोठ्या बंद कढईत साखर होते, ती पॅन, आणि तिच्यापुढे तुम्ही. थेंबभर रस काचपट्टीवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि बघायचं, दाणा धरला का. यंत्रं आली, काटे आले, तरी नवे केमिस्ट तुम्हाला हाक मारायचे, "मामा, बघा ना जरा." तुम्ही दोन बोटांत थेंब चोळून सांगायचात, "आजून न्हाई. घाई करू नगा." सभासदांच्या उसाची साखर तुमच्या बोटांतून गेल्याशिवाय पोत्यात पडत नसे, असं मला पुढे वाटायला लागलं. तुम्हाला मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

मग ते साल आलं. धरणाच्या तळाला भेगा पडल्या, बागायतातला ऊस जनावरांच्या छावणीत गेला आणि कारखान्याचं गाळप लागलंच नाही. दिवाळी झाली तरी चिमणीतून धूर नाही, भोंगा नाही. मला भोंग्यावर कुकर लावायची सवय. त्या साली माझा भात रोज एकतर कच्चा नाहीतर करपलेला. आणि तुम्ही ओट्यावर बसून नुसती बोटं चोळत होतात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. बोटांत काही नाही, तरी चोळत होतात. तेवढं मला बघवत नव्हतं.

त्या आधीच्या पावसाळ्यात आपल्यावरून ते पाऊस पाडणारं इमान गेलं होतं, आठवतं? वर्तमानपत्रात आलं होतं की ढगात काहीतरी फवारणार आणि पाऊस पडणार. मी चोपन्न वर्षांची शहाणी बाई, छापून आलंय म्हणजे खरंच, म्हणून घरातली सगळी भांडी गच्चीवर मांडून बसले. घमेली, पातेली, दोन्ही पिंपं, पुरणाचं यंत्रसुद्धा, कारण त्याला वाटी असते. सारी वसाहत हसली. इमान आलं, ढगाच्या पोटाखालून दोन फेऱ्या मारल्या आणि गेलं. चार थेंब पडले, ते माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. पण तुम्ही हसला नाहीत. मान वर करून उभे होतात, आणि तोंडावर तो पॅनसमोरचा भाव.

"अगं, ह्यो तर आपल्यातलाच हाय," म्हणालात.

"कोण?"

"त्यो इमानवाला. मी पॅनमदी बारीक साखर सोडतो, तिच्याभवती दाणा धरतो. बी लागतं दाण्याला. ह्यो ढगात बी सोडतोय. त्योबी पॅनमनच हाय."

"मग धरला का दाणा?"

"ढगात रस नव्हता, त्याला त्यो काय करील," असं म्हणून तुम्ही जिना उतरलात. त्या माणसाची बाजू घेतलीत, जसे काही एका पाळीला होतात.

हे मी वैशूला फोनवर सांगितलं, बोटं चोळण्याचंही सांगितलं. आपली लेक. तिने पुण्याहून एक खोकं धाडलं, वर चिठ्ठी, 'बाबा, हे जुनं दोन पंख्यांचं विमान आहे, डकोटा. जोडायला अवघड आहे, मोठ्या माणसांचं काम आहे.' डकोटा म्हटल्यावर मला हसू आवरेना. खिळखिळ्या एसटीला आपल्याकडे डकोटा म्हणतात. आणि खोकं उघडलं तर आत विमान कुठे? नुसता पिवळसर तुकड्यांचा ढीग. मेणाहून कडक, काचेहून मऊ. प्रत्येक तुकड्याच्या बुडाला एकेक नको असलेला ठोकळा चिकटलेला. एक पंख केळ्यासारखा वाकलेला.

"वैशूनं पडलेलं इमान धाडलंय," मी म्हटलं. आणि चपापून लगेच, "विमान."

तुम्ही तो वाकडा पंख उजेडाकडे धरलात. बोटं चोळणं थांबलं. मला तेवढंच हवं होतं.

तो पंख सरळ करायला माझं दुधाचं पातेलं घेतलंत. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की काचेवर दाबून धरायचा. मी खोक्यातला कागद वाचून सांगत होते, कारण कागद इंग्रजी आणि मी मॅट्रिक. त्यात लिहिलं होतं 'वेट सँड'. मी ठणकावून सांगितलं, "ओली वाळू." तुम्ही सायकल काढून सिंदफणेच्या कोरड्या पात्रातून पिशवीभर वाळू आणलीत, चाळलीत, भिजवलीत, आणि मी सांगते म्हणून त्या बिचाऱ्या पंखाला वाळू चोळलीत. दोन घासांत ओरखडेच ओरखडे. फोनवर वैशू हसून हसून बोलेना. मग म्हणाली, "आई, सँड म्हणजे इथं घासणं! काळा पॉलिशपेपर मिळतो पाण्यात घासायचा, त्याने." तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. रंगाऱ्याची लांबी भरून ते ओरखडे बुजवत राहिलात. फक्त कुणी पाहुणा आला की डावा पंख दाखवून सांगायचात, "हितं मास्तरीनबाईंची सई हाय."

पण घासायचं ते पाण्यातच, नाहीतर त्याची भुकटी छातीत जाते, हे कागदावर ठळक लिहिलं होतं. आणि पाणी! टँकरसमोर मी घागरी घेऊन उभी राहणार, आणि तुम्ही इमान धुणार! आपलं खरं भांडण तिथे झालं. शेवटी मी स्टीलची वाटी तुमच्यासमोर आपटली. "ही एक. रोज. त्याच्यावर थेंब मागायचा नाही." तुम्ही म्हणालात, "लई झालं." आणि खरंच त्या एका वाटीत तुम्ही दिवसभर घासायचात. पाणी दुधासारखं व्हायचं. संध्याकाळी ती वाटी मी परसातल्या कढीपत्त्याला घालायची, कारण त्या साली आपल्या घरात पाणी फेकणं हा प्रकारच नव्हता. डाळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडाला. वाटी दिसली की हात आपोआप परसाकडे वळायचा.

असाच एकदा वळला.

तुम्ही बारीक भाग साबणाच्या पाण्यात भिजत घातले होते, वरचा तेलकटपणा जावा म्हणून. दोन पंखे, पुढची दोन चाकं आणि शेपटीखालचं एक चाक, तुरीच्या दाण्याएवढं. पाणी साबणाने गढूळ, वाटी रोजची. मी उचलली आणि कढीपत्त्याला ओतली. काहीतरी टपटप पडलं तेव्हा कळलं. गुडघ्यावर बसून पंखे वेचले, चाकं वेचली. पाचवं काही दिसेना. माती त्याच रंगाची. सुरकुतलेल्या बोटांनी चाळली, फुंकली, तरी नाही. मग मी काय केलं ते ऐका. प्यायच्या पाण्याचा एक पेला घेतला, वाटीत ओतला, साबण कालवला, चारही भाग परत आत घातले आणि वाटी होती तिथे ठेवून दिली. प्यायचं पाणी! टँकरचं! चोर किती उदार होतो बघा.

तुम्ही आलात, बोट घालून चाचपलंत.

"चारच हायती. पाच होते."

"मोजायला चुकला असाल."

"मी?"

जो माणूस काचपट्टीवरचे दाणे मोजतो त्याला मी हे म्हटलं. वर आवाज चढवला, "इमानानं सांगते, मी हात लावला नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग हसलात. "इमानानं? मग इमानाचं चाक कुटं गेलं?"

सगळ्या संसारात तुमचा शब्द पहिल्यांदा जाणूनबुजून माझ्या तोंडात आला, तो खोटं बोलायला. आणि खोटं कशासाठी? तुम्ही रागावला असतात म्हणून नव्हे. तुम्ही रागावलाच नसतात, हेच तर अवघड होतं. वाळूच्या वेळी रागावला नव्हतात. मला दुसऱ्यांदा माफी नको होती. शहाणपणाचा तोरा एवढा, की एका वाटीपुढे वाकेना.

आठ दिवस तुम्ही फरशी हाताने चाचपलीत. केरात बघितलंत. शेवटी म्हणालात, "तुज्याकडं एकादा काळा मणी हाय का गं?" माझं जुनं मंगळसूत्र तुटून डबीत पडलं होतं, त्यातला एक मणी दिला. देताना बोटांतून निसटला, तुम्ही म्हणालात, "वय झालं आपलं." तो मणी शेपटीखाली बसवलात, आणि तरीही तुमच्या मनाला येईना. टेबलावर उभं ठेवलं की मणी चाकापेक्षा मोठा, शेपूट उचललेलं दिसायचं. मग आकड्याला दोऱ्याने टांगलंत. "उडत्या इमानाच्या शेपटीकडं कोन बघतंय," म्हणालात. मी बघत होते. रोज, केर काढताना, नऊ वर्षं.

चाक सापडलं होतं, अहो. पुढच्या साली पाणी झालं, कढीपत्त्याला आळं करायला बसले तर खुरप्याच्या टोकाला आलं. तेव्हा द्यायचं. पण दिलं तर आधीचं खोटं उघडं पडतं. म्हणून कुंकवाच्या करंड्यात तळाशी ठेवलं, वरून कुंकू. वर त्याच्यासाठी मी लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोलले होते, तोही फेडायला हवा. तुम्हाला घेऊन गेले. "कशाचा नवस?" विचारलंत. मी म्हटलं, "गुडघ्याचा." परत येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर शेवभाजी खात होतो, तुम्ही खुशीत होतात, त्या साली गाळप लागणार होतं. मी मनात जुळवाजुळव केली, आता सांगते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "गुडगा लई गुणाचा हाय तुजा. येका नारळात बरा झाला." मला ठसका लागला. तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात. सांगायचं राहिलं.

आणि मग दवाखान्यातली ती दुपार. वैशू औषधं आणायला खाली गेली होती. तुमच्या हाताला सुई, आणि त्या हाताचा अंगठा शेजारच्या बोटावर हलकेच फिरत होता. डोळे मिटलेलेच होते. म्हणालात, "मास्तरीनबाई, कायी सांगायचं ऱ्हायलंय का?"

मला चाकच आठवलं. दुसरं काही नाही. इतक्या वर्षांत सांगायच्या राहिलेल्या गोष्टी काय थोड्या होत्या? त्या चिकट हातांबद्दलचं होतं. सगळं सोडून ते तुरीएवढं चाक आडवं आलं. आणि मी म्हणाले, "मला काय सांगायचंय? तुम्ही पडा बरं गप. चहा सांगू का?"

"बरं," म्हणालात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात. मी अजून त्या 'बरं'पाशी बसले आहे.

दहाव्याला वन्संनी माझं मंगळसूत्र काढलं. वैशू भांडत होती, "आत्या, कशाला हे जुनं?" मी म्हटलं, "असू दे." त्या मणी गोळा करत होत्या तेव्हा मी वर आकड्याकडे बघत होते. मग त्यांनी करंडा मागितला, तो मात्र मी दिला नाही. पदराखाली धरून ठेवला. त्यांना वाटलं, बाईचा जीव अडकलाय कुंकवात. अडकला होता, पण त्यांना वाटतं तसा नाही.

तर काल इमान खाली काढलं. स्टुलावर मी चढले. ओरडू नका, वैशूने धरलं होतं. टेबलावर उलटं केलं. ठरवलं होतं की मणी काढायचा, खरं चाक बसवायचं, आणि मोठ्याने तुम्हाला सगळं सांगायचं. मणी काढायला तुमची बारीक पात्याची सुरी घेतली, कारण तुमचा सांधा म्हणजे सांधा, पंख तुटेल पण सांधा सुटणार नाही. आणि बघते तर मणी चिकटवलेलाच नाही. काळ्या दोऱ्याने दोन वेढे देऊन बांधलाय. वर सुरगाठ. ओढली की सुटणारी. आणि त्याच्यामागे चाकाचं भोक तसंच, कोरून स्वच्छ ठेवलेलं, वाट बघत.

सगळं इमान गोंदाने जोडणाऱ्या माणसाने हे एकच असं का ठेवावं?

वैशू म्हणते, "आई, काचेला तो गोंद धरत नाही, म्हणून बांधलं असेल." असेल. पण काचेला गोंद धरत नाही, तर तुम्ही घरभर सांगत सुटला असतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. की नव्हतं? गुडघ्याचं तुम्ही गमतीने म्हणालात, की मला वाट करून दिलीत? आणि दवाखान्यात... ते तरी कशाबद्दल विचारलंत? हे भांडण तुम्ही अर्धं टाकून गेलात, आणि मी आता दोन्ही बाजूंनी एकटीच भांडते आहे. कधी तुम्हाला ठाऊक होतं असं ठरवते आणि लाज वाटते. कधी नव्हतं असं ठरवते, आणि मग तर बसवतच नाही. ठाऊक असलेलं बरं, अहो. लाज सोसेन मी.

गाठ ओढली. मणी तळहातावर आला.

मग करंडा उघडला, काडीने तळ ढवळून चाक काढलं. लालभडक झालं होतं. असं कसं बसवणार? धुवायला हवं, आणि धुवायचं कसं ते मला आता पाठ आहे. तीच स्टीलची वाटी, साबणाचं पाणी. चाक भिजत घातलं. मग काळ्या पॉलिशपेपरचा तुमचा शिल्लक तुकडा शोधला आणि पाण्यात बुडवून, फिरवून फिरवून घासलं. वाळूने नाही. दोनदा बोटांतून निसटलं, दोन्ही वेळा वाटीतच पडलं. मधल्या बोटावर धरून उजेडाकडे नेलं. कुंकू बरंचसं गेलं, खाचेत जरा राहिलं, ते राहू दिलं. गोंदाचा थेंब सुईच्या टोकावर घेतला आणि चाक भोकात टेकवलं. मनात शंभर मोजले. घाई केली नाही. बसलं.

तोवर मोठ्याने बोलून झालं होतं. वाटीचं, पेल्यातल्या पाण्याचं, इमानानं म्हटल्याचं, सगळं. हातांचंही सांगितलं. वैशू दारात उभी होती, तिने ऐकलं असावं. नाक ओढत आत गेली.

मणी करंड्यात ठेवला, चाकाच्या जागी. इमान पुन्हा टांगलं, तुमच्या तोंडासमोरच. वन्संना जे म्हणायचं ते म्हणू द्या.

मग ओट्यावर वाटी तेवढी उरली, तळाशी लाल पाणी. हात आपोआप परसाकडे वळला. दारापर्यंत गेले आणि परत आले. चहाची गाळणी घेतली. कढीपत्त्यापाशी बसून पाणी गाळणीतून हळूहळू ओतलं, थेंब थेंब, आणि गाळणी उजेडाकडे धरून बघितली.

गाळणीत काही नव्हतं.